‘माझ्यात लागालंय की ओ सर!’ : पॅच परत परत का लागत नाही

दर दहा दिवसांनी दूध संस्थेचं बिल निघतं आणि जवळपास त्याच नेमानं मला एक फोन येतो. परवाचाच सांगतो.

‘सर, पॅच पाठवलोय बघा.’

‘बघितला. लागत नाही.’

‘असं कसं? माझ्यात लागालंय की ओ सर!’

‘तुझ्यात लागणारच बाबा. कशावर काढलास?’

‘कशावर म्हंजे?’

सगळं घोडं इथंच अडतं: पोरांनी कोडात केलेला बदल, म्हणजे पॅच, माझ्याकडच्या कोडावर बसत नाही. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. पुढच्या वेळी फोनवर अर्धा तास घालवण्यापेक्षा हे पाठवून देईन.

आधी आमच्या कामाबद्दल. सॉफ्टवेअर छोटं आहे, ओपन सोर्स आहे. गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध येतं, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) टिपलं जातं, दरतक्त्यातून रक्कम निघते, दहा दिवसांचं बिल डॉट मॅट्रिक्सवर छापून निघतं. पावतीवर मराठी आणि कन्नड दोन्ही. हात लावणारे लोक सीमेच्या दोन्ही बाजूंचे: बेळगावच्या कॉलेजांतली इंजिनिअरिंगची पोरं, निपाणीत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक, खानापूर तालुक्यातल्या एका संस्थेचे सचिव (हे पन्नाशीत पायथन शिकले, आणि पोरांपेक्षा नीट कोड लिहितात), कोल्हापूरची एक ताई. आलेले पॅच तपासून आत घेणं हे काम माझ्याकडं आलंय, दुसऱ्या कुणी घेतलं नाही म्हणून. एके काळी माझ्याकडं २३ पॅच तुंबले होते. त्यातले बरेचसे वाईट नव्हते. लागत नव्हते, एवढंच.

पुढं जे आदेश सांगितलेत ते टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचे.

पॅच म्हणजे नवा कोड नव्हे. जुन्या कोडात आणि नव्या कोडात काय फरक पडला, त्याची ती यादी. ‘ही ओळ काढा, ही घाला, आणि जागा ओळखायची खूण म्हणून वरच्या-खालच्या तीन तीन ओळी अशा असतील.’ लॅरी वॉलनं १९८५ साली ‘पॅच’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हापासून कल्पना हीच आहे. तुमच्याकडचा जुना कोड आणि माझ्याकडचा जुना कोड एक नसेल, तर यादी कितीही बरोबर असली तरी माझ्या काही उपयोगाची नाही. पत्ता सांगताना ‘गणपतीच्या देवळाशेजारचं तिसरं घर’ म्हणावं आणि समोरच्याच्या गावात देऊळच नसावं, तसं.

तर ‘लागत नाही’ म्हणण्याआधी गिट (कोडातल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम) नेमकं काय म्हणतंय ते वाचा. स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी वाचा, ही विनंती.

‘करप्ट पॅच ॲट लाइन अमुक’ असं आलं तर कोडाचा काही संबंध नाही, वाटेत फाइल मोडलीय. ब्राउझरमधल्या मेलात पॅच पेस्ट केला की टॅबच्या जागी स्पेस येतात, लांब ओळी मधेच तुटतात. चॅटमध्ये पेस्ट केला तर सुरुवातीची स्पेस जाते, आणि पॅचमध्ये ओळीच्या सुरुवातीची ती एक स्पेस म्हणजेच ‘ही ओळ बदललेली नाही’ ही खूण असते. उपाय एकच: ‘गिट फॉरमॅट-पॅच’नं फाइल काढा आणि फाइल म्हणूनच जोडा. मजकूर चिकटवू नका. यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

‘पॅच डज नॉट ॲप्लाय’ आलं तर मात्र बसा. याची कारणं तीन-चार आहेत आणि सगळी बाहेरून सारखीच दिसतात.

सगळ्यात आधी ओळींची शेवटं बघा. विंडोजवर ओळ दोन अदृश्य अक्षरांनी संपते, सीआर आणि एलएफ. लिनक्सवर नुसत्या एलएफनं. आमचा पहिला लेखक विंडोजवाला होता आणि त्याच्या काळातल्या अर्ध्या फाइली सीआरएलएफ घेऊन रेपोत (कोड आणि त्याचा इतिहास ठेवलेल्या साठ्यात) बसल्या होत्या. पॅच लावणारा ‘गिट ॲम’ हा आदेश आलेल्या पॅचमधला सीआर काढून टाकतो. फाइलीत मात्र तो असतो. मग एकही ओळ जुळत नाही. डोळ्यांना सगळं सारखं दिसतं आणि माणूस स्वतःच्या डोक्यावर संशय घेतो. ‘गिट एलएस-फाइल्स --ईओएल’ चालवा, कुठल्या फाइलीत काय आहे ते समोर येतं. तात्पुरतं काम भागवायला ‘गिट ॲम --कीप-सीआर’. उलट्या बाजूचा आजार म्हणजे दोन ओळींच्या बदलासाठी ९०० ओळींचा पॅच येतो, कारण पोराच्या एडिटरनं सगळ्या ओळींची शेवटं बदललेली असतात. तिथं फरक दाखवणारा ‘गिट डिफ --इग्नोर-स्पेस-ॲट-ईओएल’ देऊन बघा, खरा बदल तेवढाच उरतो.

कायमचा उपाय: गिटॲट्रिब्यूट्स फाइलीत सगळ्यांसाठी ‘टेक्स्ट=ऑटो’ (ओळींची शेवटं गिटनंच सांभाळायची), विंडोजच्या बॅच फाइलींना ‘ईओएल=सीआरएलएफ’, आणि मग ‘गिट ॲड --रिनॉर्मलाइझ’ करून एकच स्वतंत्र कमिट (इतिहासात नोंदवलेला बदल). हे कमिट ‘ब्लेम’मध्ये (कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारा आदेश) वगळायच्या यादीत टाका, नाहीतर उद्या प्रत्येक ओळीपुढं तुमचंच नाव दिसेल आणि दरतक्त्याचा प्रत्येक घोळ तुमच्या माथी येईल. वगळायची ही सोय गिट २.२३ पासून आहे.

यात मी एक घोडचूक केली, ती तुम्ही करू नका. ते २३ पॅच तुंबलेले असतानाच मी एका रविवारी दुपारी हे सफाईचं कमिट टाकलं. संध्याकाळपर्यंत त्या २३ पैकी एकही लागण्याच्या स्थितीत राहिला नाही. निपाणीवाला म्हणाला, ‘घर सारवून घेतलासा, पण माणसं आत होती की ओ.’ मग एकेक पॅच सफाईआधीच्या कमिटवर ब्रँच (कोडाची वेगळी फांदी) काढून लावला आणि ती ब्रँच ‘रिनॉर्मलाइझ’ पर्याय देऊन मर्ज केली, म्हणजे मुख्य कोडात मिसळली. दोन आठवड्यांच्या रात्री गेल्या. ही सफाई ढीग लहान असताना करा आणि चार दिवस आधी सगळ्यांना सांगा.

शेवटं जुळत असतील तर पुढचा संशयित म्हणजे जुना पाया. पोरानं जूनमध्ये कोड उतरवला, परीक्षा झाली, दिवाळी झाली, नोव्हेंबरात पॅच पाठवला. मधल्या काळात तीच फाइल चार वेळा बदलली. इथं ‘गिट ॲम --३वे’ कामाला येतं. पॅचमध्ये प्रत्येक फाइलीच्या वर ‘इंडेक्स’ने सुरू होणारी एक ओळ असते. तिच्यात जुन्या फाइलीच्या मजकुराची ओळखखूण असते. तो मजकूर माझ्या रेपोच्या इतिहासात कुठंही सापडला की गिट त्यावर पॅच लावतं आणि मग आजच्या कोडाशी तीन बाजूंनी जुळवणी करतं. ही खूण फक्त मजकुरावरून बनते, म्हणून झिप उतरवून, स्वतःचं वेगळं ‘गिट इनिट’ करून काढलेला पॅचसुद्धा यात लागतो. आमच्याकडं निम्मी पोरं झिपच उतरवतात, त्यामुळं हे माहीत असणं फार उपयोगी. ‘रिपॉझिटरी लॅक्स नेसेसरी ब्लॉब्स’ असं उत्तर आलं तर समजा, पोरानं आपल्याच आधीच्या, न पाठवलेल्या बदलावर हा पॅच काढलाय. (किंवा झिपमधल्या ओळींची शेवटं बदलली. वरचा परिच्छेद परत वाचा.) अशा वेळी ‘गिट ॲम --अबॉर्ट’ करून आधी साफ मागं या आणि त्याला विचारा.

आता जे सांगणार आहे ते न लागणाऱ्या पॅचबद्दल नाही. लागलेल्या पॅचबद्दल आहे, आणि माझ्या मते तो जास्त धोक्याचा.

कोडात दोन फंक्शनं होती, आधी म्हशीच्या दुधाच्या दराचं, त्याखाली गायीच्या दुधाच्या दराचं. कुणीतरी एकाचं कॉपी करून दुसरं केलेलं, त्यामुळं मधल्या ओळी अक्षरशः एकच: तक्त्यातून दर घे, लिटरनं गुण, बेरजेत टाक. एका पॅचमध्ये गायीच्या दुधासाठी, ठरावीक एसएनएफच्या खाली लिटरमागं ५० पैसे कपातीच्या दोन ओळी घालायच्या होत्या. जागा होती ओळ १५३. पॅच मी वाचला, बरोबर होता. हंकच्या (पॅचमधल्या त्या तुकड्याच्या) मथळ्यात फंक्शनचं नावही गायीचंच दिसत होतं. ‘गिट ॲम’ केलं, एकदाही कुरकुर न करता लागलं.

त्याच आठवड्यात मी त्या फाइलीच्या वरच्या भागात दुसरा एक पॅच घेतला होता, ४१ ओळींचा. त्यानं खालचं सगळं ४१ ओळींनी सरकलं. म्हशीच्या फंक्शनमधली तीच जागा आधी ११२ वर होती, ती बरोबर १५३ वर आली. गिटनं १५३ वर बघितलं. वरच्या तीन ओळी जुळल्या, खालच्या तीन जुळल्या. घातलं. मथळ्यातलं फंक्शनचं नाव माणसांनी वाचायचं असतं, पॅच लावताना गिट ते बघतच नाही. ऑफसेट, म्हणजे ठरल्या ओळीपासूनचं अंतर, शून्य, म्हणून जास्त तपशील दाखवणारं ‘व्हर्बोस’ लावूनही काही दिसलं नसतं.

खानापूरच्या सचिवांनी चाचणीचं बिल काढलं तेव्हा एका म्हैसवाल्याच्या बिलात कपात दिसली. ते शांतपणे फोनवर म्हणाले, ‘तुमच्या सॉफ्टवेअरला गाय-म्हैस ओळखंना झालीय.’ खरं बिल असतं तर त्या माणसानं सचिवांना धरलं असतं, मला नव्हे. आणि धरायला हवं होतं मला.

इथं ‘गिट ॲम’ला ‘--३वे’ देऊन उपयोग नव्हता. तो पर्याय साधा प्रयत्न फसला तरच जागा होतो, आणि इथं साधा प्रयत्न फसलाच नव्हता. ‘गिट ॲप्लाय --३वे’चं वागणं वेगळं आहे: गिट २.३२ पासून ते आधी तीन बाजूंची जुळवणी करतं आणि ती जमली नाही तरच साध्या वाटेनं जातं. जुन्या आवृत्तीत याच्या उलट होतं, म्हणून आधी आवृत्ती बघा. पण त्यातही मला भरवशाची वाट वाटते ती ही: पॅच ज्या कमिटवर काढलाय त्याच कमिटवर ब्रँच काढायची, तिथं लावायचा, आणि मग मर्ज किंवा रिबेस (तेच बदल आजच्या कोडावर नव्यानं रचणं). पाया आणि पॅच एकाच काळचे असले की १५३ म्हणजे १५३च. पुढचं सरकणं मर्जला समजतं, कारण त्याला दोन्ही बाजूंचा इतिहास दिसतो. रिबेस करत असाल तर गिट २.२६ पासून ते मूळचंच मर्जच्या पद्धतीनं चालतं. त्याआधीची आवृत्ती आतून पॅचच लावत बसायची, म्हणजे हाच अपघात पुन्हा.

म्हणून आता पाठवणाऱ्यांना माझी एकच अट आहे: ‘गिट फॉरमॅट-पॅच --बेस=ऑटो’. पॅचच्या तळाला ‘बेस-कमिट’ अशी ओळ येते, तिच्यात पायाच्या कमिटची चाळीस अक्षरांची ओळखखूण. ती असली की ‘कशावर काढलास’ हे विचारावं लागत नाही. सोबत ‘-यू१०’ दिलं तर तीनऐवजी दहा ओळींची खूण येते. गाय-म्हशीसारखी जुळी फंक्शनं असतील तिथं ते फार उपयोगी पडतं. (आणि हो, ती जुळी फंक्शनं आता एकच केलीयत. तो पॅच सचिवांचाच.)

भाषांतराच्या फाइली हा आमचा सगळ्यात तुंबणारा नळ. मराठीची एक पीओ फाइल, कन्नडची एक. यात मूळ इंग्रजी वाक्य, खाली भाषांतर, आणि वर ते वाक्य कोडात कुठल्या फाइलीत कितव्या ओळीवर आहे त्याची टीप. कोडात वर एक ओळ घातली की खालच्या सगळ्या टिपांचे आकडे बदलतात. माथ्यावर साचा (कोडातल्या सगळ्या वाक्यांची मूळ यादी) कधी बनवला त्याची तारीख असते, ती प्रत्येक वेळी बदलते. कोल्हापूरच्या ताईनं एक शब्द दुरुस्त केला, बेळगावच्या पोरानं दुसरा. शब्द वेगळे, जागा वेगळ्या, पण दोघांनी आपापल्या मशिनवर साचा नव्यानं काढला. दोन्ही पॅच हजार हजार ओळींचे आणि दुसरा कधीच लागत नाही.

आम्ही केलं ते असं. टिपांमधला ओळीचा आकडा काढून टाकला, ‘--ॲड-लोकेशन=फाइल’ दिलं की फक्त फाइलीचं नाव राहतं. ‘--नो-रॅप’ दिलं, म्हणजे लांब वाक्य प्रत्येकाच्या मशिनवर वेगळ्या जागी मोडत नाही. आणि साचा नव्यानं काढायचा हक्क एकाच माणसाकडं, आवृत्ती काढायच्या आदल्या आठवड्यात. बाकीच्यांनी फक्त भाषांतराच्या ओळीला हात लावायचा. त्यानंतर भाषांतराचे पॅच पाच-दहा ओळींचे येऊ लागले आणि मला ते खरोखर वाचता येऊ लागले. हा फरक लहान समजू नका. हजार ओळींचा पॅच कुणी वाचत नाही, वाचल्यासारखं करतो.

लहान पॅचमध्येच मग हे सापडलं: ‘फीड डिडक्शन’ म्हणजे पशुखाद्याची कपात. साचा नव्यानं काढताना गेटटेक्स्टला (या भाषांतराच्या फाइली सांभाळणाऱ्या साधनाला) ‘फॅट डिडक्शन’ हे जुनं वाक्य त्याच्या जवळचं वाटलं, म्हणून त्यानं ‘फॅट कपात’ हे भाषांतर उचलून तिथं ठेवलं आणि वर ‘फझी’ अशी खूण केली. खूण असेपर्यंत ते छापलं जात नाही, मूळ इंग्रजीच दिसतं. एका पोराला पावतीवर इंग्रजी दिसलं, त्यानं खूण पुसली आणि ‘भाषांतर पूर्ण’ असं लिहून पाठवलं. पेंडेचे पैसे फॅटच्या नावाखाली कापले गेले असते. गेटटेक्स्टची ‘एमएसजीएफएमटी --चेक’ ही तपासणी हे पकडत नाही. ती आकड्यांच्या जागा आणि ओळीची शेवटं तपासते, अर्थ नाही. ‘फझी’ पुसलेला प्रत्येक पॅच मी आता मोठ्यानं वाचतो.

यापुढचा आजार देवनागरीचा खास, आणि इंग्रजी मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही. डिफमध्ये दोन ओळी दिसतात. वजा: ‘ॲडव्हान्स कपात’. अधिक: ‘ॲडव्हान्स कपात’. फरक शून्य. तरी गिट म्हणतंय फरक आहे, आणि त्याच ओळीवरचा पुढचा पॅच लागत नाही.

फरक ‘ॲ’मध्ये असतो. हे अक्षर तीन प्रकारे टाइप होतं: एकसंध ॲ, म्हणजे युनिकोडमधला यू+०९७२ हा संकेत. किंवा अ आणि त्यावर चंद्र, दोन तुकड्यांत. किंवा अ, मग अदृश्य जोडक, मग चंद्र. फोनचा कीबोर्ड एक देतो, दुकानातला जुना इनस्क्रिप्ट कीबोर्ड दुसरं देतो, कुठल्या तरी संकेतस्थळावरून उचललेला शब्द तिसरं घेऊन येतो. ओळखायची सोपी युक्ती: ते एकच अक्षर फाइलीत ठेवून बाइट मोजा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटचा आणि जोडकही तीनचा. एकसंध असेल तर ३, दोन तुकडे असतील तर ६, मधे जोडक असेल तर ९. हे मला कळलं तेव्हा मी खरंच एक कुंदा खाऊन साजरं केलं.

कुणी म्हणेल, युनिकोडचं एनएफसी (तुकड्यांची अक्षरं एकसंध करायची पद्धत) चालवा, सगळं सारखं होईल. होत नाही. र आणि नुक्ता यांचा ‘ऱ’ ते जुळवतं. पण अ आणि चंद्र मिळून ॲ, हे युनिकोडच्या हिशेबात समरूप नाहीच. युनिकोड नुसतं सांगतं की ॲ वापरा, तुकडे वापरू नका. बदलायचं आपणच.

मग आमच्या एका उत्साही पोरानं स्क्रिप्ट लिहिली: सगळी अदृश्य अक्षरं उडवून टाक. मी ती घेतली. चूक माझीच. दुसऱ्या दिवशी पावतीवर ‘दुसऱ्या पाळीचं दूध’ ऐवजी ‘दुसर्या पाळीचं दूध’ छापून आलं, कारण काही ठिकाणी तो आडवा र जोडकावरच उभा होता. मराठी माणसाला ते बघवत नाही. आणि कन्नड? तिथं ‘सॉफ्टवेअर’सारख्या इंग्रजी शब्दांत जोडाक्षर होऊ नये म्हणून अदृश्य विभाजक मुद्दाम घालतात. तो गेला आणि अक्षरं एकमेकांखाली घुसली. चिकोडीहून निरोप आला, ‘आमचं कन्नड कोण मोडलं?’ हे वाक्य सीमाभागात हलकं नसतं. त्याच रात्री ते कमिट मागं घेतलं.

आता स्क्रिप्ट फक्त दोन गोष्टी करते, त्याही मराठीच्याच फाइलीत: अ-चंद्राचे दोन्ही प्रकार ॲ मध्ये बदलते, आणि य किंवा ह च्या आधीचा जोडकवाला र ‘ऱ्’ मध्ये. कन्नड फाइलीला हात लावत नाही. पॅच लावण्याआधी नव्हे, पाठवणाऱ्याच्या मशिनवर, कमिटच्या हुकमध्ये (कमिट करताना आपोआप) चालते. आधी मी ती माझ्याकडं चालवायचो. म्हणजे पोराच्या आणि माझ्या फाइली परत वेगळ्या, म्हणजे त्याचा पुढचा पॅच परत लागत नाही. ज्या गोष्टीवर उपाय शोधत होतो तीच मी स्वतः पैदा करत होतो.

भाषेचा विषय निघालाच आहे तर एक वाद सांगतो, ज्याला गिट कॉन्फ्लिक्ट म्हणत नाही. एका पॅचनं पावतीवर कन्नड वर, मराठी खाली केलं. संदेशात लिहिलं होतं, ‘मांडणी दुरुस्त.’ चार दिवसांनी दुसऱ्यानं उलटं केलं. त्याचाही संदेश, ‘मांडणी दुरुस्त.’ दोन्ही पॅच सुबक, दोन्ही लागणारे. १९५६ पासून जो सीमावाद सुटला नाही तो मी मर्जचं बटण दाबून सोडवणार नव्हतो. दोघांना विचारलं, ‘कुठल्या संस्थेसाठी काढलास?’ एक हुक्केरी तालुक्यातला, एक खानापूरचा. दोघंही आपापल्या गावापुरते बरोबर. क्रम कोडातून काढून संस्थेच्या सेटिंगमध्ये टाकला. त्यानंतर ‘मांडणी दुरुस्त’ एवढाच संदेश असलेला पॅच मी परत पाठवतो. काय बदललं ते डिफमध्ये दिसतंच. कशासाठी, कुणासाठी, ते लिहा.

तपासण्याच्या कामाबद्दल थोडं. पॅचला दुसरी आवृत्ती आली की सगळं पहिल्यापासून वाचू नका. ‘गिट रेंज-डिफ’ला जुनी आणि नवी ब्रँच द्या, दोन आवृत्त्यांत काय फरक पडला तेवढंच दाखवतं. गिट २.१९ पासून आहे आणि कुणीच वापरत नाही. एका पॅचमध्ये एकच बदल, हा लिनक्स कर्नलवाल्यांचा नियम आम्ही जसाच्या तसा उचललाय. देवनागरीत नावं असलेल्या फाइली डिफमध्ये आकड्यांच्या जंजाळासारख्या दिसत असतील तर ‘कोअर.कोटपाथ’ फॉल्स करा. आणि पॅच आला की दोन दिवसांत निदान ‘मिळाला, रविवारी बघतो’ एवढं तरी कळवा. पोरगं महिनाभर वाट बघून गेलं की परत येत नाही. ते गेलं की त्याचा पाया काय होता हे सांगणाराही गेला.

नमुना डेटाच्या फाइली मात्र मी कुणाच्याही घेत नाही, कितीही ओळखीचा असो. २०२४ च्या मार्चमध्ये फाइली आकसवणाऱ्या एक्सझेड या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. तो चाचणीच्या बायनरी फाइलींत लपवला होता आणि घालणारा माणूस दोन-एक वर्षं नीट पॅच पाठवून विश्वासातला झाला होता. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, म्हणून ते उघड झालं. आमच्या दूध संस्थेवर कोण एवढे कष्ट घेणार, हे खरं. पण ज्या फाइली वाचता येत नाहीत त्या ‘तपासल्या’ म्हणायला जीभ रेटत नाही. नमुना डेटा लागला तर तो बनवणारी स्क्रिप्ट पाठवा.

सुरुवातीच्या फोनचं काय झालं, ते राहिलं. त्या पोरानं रात्री परत पॅच पाठवला, तळाला बेस-कमिटची ओळ घालून. मी खूश होऊन ते चाळीस अक्षरांचं कमिट शोधलं. माझ्या रेपोत ते नव्हतंच.

‘कुठलं कमिट हे?’

‘माझ्याच ब्रँचवर काढलोय की ओ सर. कालचं, अजून पाठवलो नाही.’

‘ऑटो’ हे ब्रँचचा अपस्ट्रीम (ती ज्या ब्रँचशी जोडलीय ती) बघून पाया ठरवतं, आणि त्याच्या ब्रँचचा अपस्ट्रीम त्याचीच दुसरी ब्रँच होती. त्याला ‘--बेस=ओरिजिन/मेन’ असं मुख्य ब्रँचचं नाव घेऊन द्यायला सांगितलं. आता पायाच्या ओळीखाली ‘प्रीरिक्विझिट-पॅच-आयडी’ अशा दोन ओळी आल्या, म्हणजे आधीचे दोन पॅच राहिलेत हे मला न विचारता कळलं. ते दोन्ही त्यानं आज सकाळी पाठवले. पहिला लागला. दुसऱ्यात ‘ॲडव्हान्स’ आहे, सहा बाइटचा.